दवाखाना मांडतोयस तर

अरे, फर्निचरवाला आला की आधी त्याला कॉम्प्युटरची जागा दाखव. हे लोक तो बरोबर डॉक्टरच्या नाकासमोर ठेवतात आणि पेशंट पडद्याच्या आड जातो. तुझ्याकडे तसं नको. टेबलाच्या कडेला, तिरका, पेशंटलाही वाचता येईल असा ठेव. पेशंटची खुर्ची टेबलापलीकडे न ठेवता कोपऱ्याशी घे, म्हणजे बोलता बोलता हात पुढे केला की त्याचं मनगट सापडतं. आत्या जुन्या वळणाची आहे असं म्हणशील, तर म्हण. मशीनशी माझं वैर नाही. ते कुठे ठेवायचं आणि कधी सुरू करायचं, एवढ्यावर मात्र माझी मतं ठाम आहेत.

2012 साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात सात वर्षांच्या एका मुलीने खडूंनी काढलेलं चित्र छापून आलं होतं. विषय: माझी डॉक्टरांकडची भेट. ती तपासणीच्या टेबलावर बसली आहे, मोठी बहीण खुर्चीत आहे, आईच्या हातात तान्हं बाळ आहे. डॉक्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, सगळ्यांकडे पाठ करून कॉम्प्युटरवर टाइप करतोय. चित्रातलं सगळ्यात बोचरं काय, तर सगळे हसताहेत. डॉक्टर तिला आवडलेला आहे. डॉक्टर म्हणजे पाठ, हे तिने सहज धरून टाकलंय.

म्हणून पहिली दोन मिनिटं कीबोर्डला हात लावायचा नाही. दोन मिनिटांचा आकडा मी मनाने काढलेला नाही. 1984 साली अमेरिकेत केलेल्या एका पाहणीत डॉक्टर पेशंटला सरासरी 18 सेकंदांत तोडतो असं दिसलं होतं. पुढे स्वित्झर्लंडमध्ये बाझल इथल्या डॉक्टरांनी उलटा प्रयोग केला: पेशंटला बोलू द्यायचं, मधे तोंड घालायचं नाही, आणि लपवलेलं स्टॉपवॉच चालू ठेवायचं. 335 पेशंट झाले. सरासरी निघाली 92 सेकंद. चारांतल्या तिघांहून जास्त लोकांचं दोन मिनिटांत बोलून झालं होतं. 'गर्दी असते, ऐकायला वेळ कुठाय' असं मला कुणी ज्युनिअर म्हणाला की मी त्याला हा 92 चा आकडा सांगते.

आपल्याकडे त्यात एक भर घाल. आपला माणूस खरी तक्रार उठता उठता सांगतो. प्रिस्क्रिप्शनची घडी खिशात गेली, चपला पायात गेल्या, आणि दाराशी वळून म्हणतो, "मॅडम, आनि त्येवडं एक इचारायचं राह्यलंच." ते राहिलेलं म्हणजे जिना चढताना छातीत येणारी कळ असते, नाहीतर बायकोच्या अंगावरून महिनाभर जाणारं असतं. पुढचा नंबर आत घ्यायची घंटा त्याच्या पाठीवर वाजवू नकोस. त्याला परत बसव.

आता रिपोर्टचं पाकीट. पेशंट आत येतो तोच ते पुढे करून. हात जोडून घे आणि पालथं करून बाजूला ठेव. आधी ऐक, तपास, मग केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने दोन निदानं लिही. पहिलं, तुला जे वाटतंय ते. दुसरं, जे हुकलं तर महागात पडेल ते. मगच पाकीट उघड. लिहिलेलं खोडायचं नाही. रविवारी सकाळी आठवड्याचे कागद काढून कोपरे बघत बसायचं. आपला हात कुठे बसलाय आणि कुठे नाही, हे दुसरं कुणी सांगणार नाही. एकदा स्कॅन डोळ्यांसमोर आला की पुढे पोटावर ठेवलेला हात शोधत नाही, तो फक्त स्कॅनला हो म्हणतो.

तुझ्या पिढीला हे जास्त सांभाळावं लागणार, कारण आता एआय आलं. त्याचं मोल मला कळतं. जिथे एक्स-रे मशीन आहे पण फिल्म वाचणारा रेडिऑलॉजिस्ट पन्नास मैलांत नाही, तिथे टीबीच्या तपासणीसाठी असं सॉफ्टवेअर वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्येच मान्यता दिली, आणि ते योग्यच झालं. पण 2025 साली पोलंडमधला एक अभ्यास आला, तो वाचून ठेव. तिथल्या चार केंद्रांत कोलोनोस्कोपी करताना आतड्यातल्या गाठी दाखवून देणारं एआय बसवलं. डॉक्टर नवशिके नव्हते, प्रत्येकाच्या नावावर दोन हजारांहून जास्त कोलोनोस्कोपी. एआय येण्याआधी हे लोक जितक्या तपासण्या करत, त्यांतल्या 28 टक्क्यांत त्यांना पुढे कॅन्सरकडे जाऊ शकणाऱ्या गाठी सापडत. एआयची सवय झाल्यावर काही तपासण्या त्याच्याविना केल्या, तर प्रमाण 22 टक्क्यांवर आलेलं. काही महिन्यांत! एका अभ्यासावरून गाव पेटवू नये हे मलाही कळतं. पण डोळा आळसावतो हे मी आमच्याच वॉर्डात मॉनिटर आल्यावर पाहिलेलं आहे. नाडी धरणारी सिस्टर हळूहळू आकडा उतरवणारी सिस्टर झाली.

तेव्हा एआयला विचार, पण शेवटी विचार, आणि विचारायची रीत बदल. 'हे काय असेल' असं विचारायचं नाही. 'माझं निदान हे आहे, यात काय बसत नाही ते सांग' असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाने तू त्याचा कंपाउंडर होतोस, दुसऱ्याने ते तुझा ज्युनिअर होतं. आणि पेशंटचं नाव-गाव त्यात घालायचं नाही, हे सांगायला नको.

प्रत्येक यंत्राच्या खोडी माहीत हव्यात. माहितीपत्रकात असतात तेवढ्या पुरत नाहीत. शुगरच्या मशीनचंच घे. मे महिन्यात एक सून सासूबाईंना घेऊन धावत आली. सकाळी उपाशीपोटी घरच्या मशीनवर शुगर 340, आदल्या आठवड्यात 130. पथ्य मोडलं म्हणून सासूबाई घरात बोलणी खाऊन आल्या होत्या, डोळ्यांत पाणी. मी त्यांचं बोट टोचायला हातात घेतलं तर बोटाला हापूसचा घमघमाट. नखाच्या कडेला पिवळी रेघ. नातवंडांसाठी सकाळीच आंबे पिळून ठेवले होते बिचारीने, चाखलासुद्धा नव्हता. बेसिनवर साबणाने हात धुवायला लावले, कोरडे केले, पुन्हा टोचलं: 128. त्या पट्टीला मोहरीपेक्षा लहान थेंब लागतो, आणि बोटावर वाळलेल्या रसातली साखर त्यात उतरते. जपानी डॉक्टरांनी 2011 मध्ये हे रीतसर तपासलंय. संत्रं, द्राक्ष, किवी सोललेल्या हातांची शुगर खोटी चढते, आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुन्हा पुन्हा पुसलं तरी चढलेलीच राहते. पाण्यानेच जाते. ते मशीन घरोघर आहे, त्याच्या आकड्यावरून लोक फोनवर इन्शुलिनचे युनिट वाढवून घेतात. तू वाढवण्याआधी विचारत जा: हात धुतले होते का?

बीपीचं त्याहून साधं आहे आणि त्याहून जास्त बिघडतं. माणूस एसटीतून उतरून, जिना चढून, रांगेत भांडून आत येतो आणि आपण बाही वर सरकवून कफ गुंडाळतो. पाच मिनिटं बसू दे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, दंड छातीच्या उंचीला आधारावर, आणि मोजताना गप्पा नाहीत, तूही गप्प. जाड दंडाला लहान कफ लावलास तर बीपी जास्तच दिसणार, म्हणून मोठा कफ आजच मागव. त्यासाठी औषध कंपनीचा एमआर फुकट काय देतो याची वाट बघू नकोस.

पल्स ऑक्सिमीटर कोविडमध्ये दूधवाल्याकडेही आला. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने 1970 च्या दशकात काढलेली ती युक्ती मोठी देखणी आहे: बोटातून जाणाऱ्या प्रकाशातला फक्त ठोक्यासरशी हलणारा भाग मोजायचा, म्हणजे रोहिणीतलं रक्तच मोजलं जातं. पण त्याला दिसतो तो प्रकाश. गडद नेलपॉलिश, गारठलेलं बोट, घसरलेलं बीपी, सगळ्याने तो फसतो. 2020 च्या एका अमेरिकन पाहणीत गोऱ्या पेशंटांच्या मानाने काळ्या पेशंटांचा घसरलेला ऑक्सिजन या यंत्रातून जवळजवळ तिप्पट वेळा निसटला होता. ती पाहणी आपल्या लोकांवरची नाही, पण आपल्याकडची उन्हात रापलेली बोटं पाहून मी 93 वर निर्धास्त होत नाही. शर्ट वर करून श्वास मोजते, पूर्ण मिनिट.

'फुल बॉडी चेकअप'वाले तुला रोज भेटतील. मुलगा पुण्याला नाहीतर बे एरियात, तिथून आईबाबांना वाढदिवसाची भेट म्हणून पॅकेज. त्यांच्या हातात तीस पानांचं रंगीत पुस्तक आणि तोंडावर भीती. त्यांना एक हिशोब समजावून सांग. लॅबचा 'नॉर्मल' पट्टा साधारणपणे निरोगी माणसांतल्या मधल्या 95 टक्क्यांवरून ठरवतात. ठणठणीत माणसांतलेही शंभरात पाच त्याच्या बाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर सगळ्याच पट्ट्यात येण्याची शक्यता 36 टक्के. बाकी 64 टक्के धडधाकट लोकांच्या पुस्तकात कुठे ना कुठे लाल बाण येतो. आणि त्या बाणाच्या मागे दुसरी तपासणी, तिच्या मागे तिसरी. दक्षिण कोरियात लोक कॅन्सरच्या सरकारी तपासणीला गेले की थोडे पैसे जास्त भरून गळ्याची सोनोग्राफीही करून घेऊ लागले. 2011 पर्यंत थायरॉइड कॅन्सरच्या नोंदी 1993 च्या पंधरापट झाल्या. त्या कॅन्सरने मरणाऱ्यांचा आकडा मात्र होता तिथेच राहिला. हजारो लोकांनी ग्रंथी काढून घेतली आणि जन्माची गोळी लावून घेतली. मुलाला चांगलं वाटू दे, त्याचं प्रेम खोटं नाही. त्याला सांग की पुढच्या वाढदिवसाला स्वतः ये आणि बाबांबरोबर सकाळी फिरायला जा, त्यात बाबांचा दम किती लागतो ते कळेल.

आता तू ज्यासाठी फोन केला होतास ते. 'या सगळ्या धबडग्यात आपल्या हातून नवं काही सुचेल का' असं म्हणालास. सुचतं, पण ते कुठे सुचतं ते बघ. डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणातला लाल विंचू चावला की पोरं दगावायची. दंशाच्या जागी कळ, मग ओकाऱ्या, घामाने चिंब, हातपाय बर्फासारखे, आणि काही तासांत फुफ्फुसात पाणी. हे पुस्तकात कुठे नीट लिहिलेलं नव्हतं. ते रात्ररात्र खाटेशी बसले, तासातासाची लक्षणं टिपली, 1982 साली 'लॅन्सेट'ला कळवली. टिपता टिपता लक्षात आलं की विष शरीरातली जी यंत्रणा चेतवतं, तिला नेमकं अडवणारी प्राझोसिन ही बीपीची साधी गोळी बाजारात आहेच. चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू त्यातून एक-दोन टक्क्यांवर आले. कॅथलॅब नव्हती, व्हेंटिलेटर नव्हता. होतं ते घड्याळ, वही आणि न उठता बसण्याची तयारी.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांना वेगळाच पेच पडला. बालकांचा न्यूमोनिया श्वास मोजून ओळखता येतो: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला 60 किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे 50 किंवा जास्त, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त. पण गावातल्या दाईला साठापर्यंत मोजता येत नसेल तर? त्यांनी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची पट्टी जोडून दिली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. याला मी तंत्रज्ञान म्हणते, पहिल्या दर्जाचं, कारण ते वापरणारीचा हात आधी बघून मग बनवलंय. आपल्या दवाखान्यातली निम्मी सॉफ्टवेअरं बिल करणाऱ्याचा हात बघून बनवलेली असतात.

आणि तुझी बासरी. ती माळ्यावर टाकलीस असं तुझी आई म्हणाली. ती खाली काढ. रेने लेनेक, ज्याने 1816 साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात कागदाची सुरळी करून एका बाईच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोप जन्माला घातला, तो चांगला बासरी वाजवायचा. पुढच्या लाकडी नळ्या तो घरी लेथवर स्वतः कातायचा. पोकळ नळीतून आवाज कसा येतो हे ज्याच्या बोटांना ठाऊक होतं, त्यालाच सुरळी सुचली, याचं मला तरी नवल वाटत नाही. आपल्याकडे तर काय, पुण्याच्या बी. जे. मेडिकलने महाराष्ट्राला निम्मी रंगभूमी पुरवली. कान-नाक-घशाचे लागू, दौंडला मुलांचा दवाखाना चालवणारे जब्बार पटेल, मनोविकारांचे आगाशे. अनिल अवचट डॉक्टर होऊन लेखक झाले ते झालेच, वर लाकूड कोरायचे, कागदाचे मोर करायचे, बासरीही वाजवायचे. सगळ्यांनी प्रॅक्टिस सोडून नाटक करावं असं मी म्हणत नाही. लागूंसारखं सुटायला लागूंचं काळीज लागतं. पण ज्यात बिल फाडता येत नाही असं एक काम हाताला असू दे.

मी मिरजेची, त्यामुळे माझं काम ठरलेलं: सतारमेकरांच्या दुकानात जाऊन बसायचं. तिथे तंबोऱ्याची जवारी काढताना बघ एकदा. घोडीचा माथा कानशीने केसभर घासायचा, तार छेडायची, पुन्हा घासायचं. मग तारेखाली सुताचा दोरा घालून तो सूतभर पुढे-मागे सरकवायचा, आवाज खुलेपर्यंत. कारागिराच्या खिशात मोबाइल आहे, त्यात ट्यूनर आहे. स्वर लावताना तो खुशाल ट्यूनर बघतो, पाच मिनिटं वाचतात. जवारीला बसला की मोबाइल गल्ल्यावर पालथा. आवाज खुलला की नाही हे ट्यूनरला विचारून उपयोग नाही, आणि ते त्याला समजावून सांगावंही लागलेलं नाही. वाचलेली पाच मिनिटं तो जवारीला देतो. तुझं सॉफ्टवेअर प्रिस्क्रिप्शन छापून रोज तासभर वाचवेल, तो तास तू आणखी दहा पेशंटांना देणार की आहेत त्यांनाच, हे पहिल्याच महिन्यात ठरव. नंतर हप्ते ठरवतात.

मोबाइलचं थोडक्यात. दोन नंबर ठेव, एक दवाखान्याचा, एक घरचा. दवाखान्याचा रात्री सिस्टरकडे. तरी घरच्या नंबरवर रात्री अकराला व्हॉट्सॲपवर ईसीजीचा तिरका फोटो येईल, खाली 'डॉ. अर्जंट बघा'. छातीत दुखतंय का, एवढंच विचार. दुखत असेल तर फोटो न बघता 'आत्ता निघा, जवळच्या हॉस्पिटलात' एवढंच सांग. नसेल तर सकाळी. 2020 च्या मार्चमध्ये टेलिमेडिसिनची नियमावली आली. फोनवर भागेल की प्रत्यक्ष बोलवायचं, हे ठरवायचा हक्क तिने डॉक्टरला दिलेला आहे. तो वापर. निळी टिक दिसली म्हणजे सल्ला मिळाला असं लोक धरतात, म्हणून ती टिक बंदच करून टाक. आणि झोप. रेसिडेन्सीत जागलास ते पुरे. जागरणाने कुणी मोठा डॉक्टर झाल्याचं मी पाहिलेलं नाही, बीपीचा पेशंट झालेले पुष्कळ.

एक राहिलं. तुझा भागीदार टोकनचं मशीन बसवायचं म्हणतोय असं कळलं. बसवा, भांडणं कमी होतील. पण दाराशी माणूस हवाच, आणि तो बोलका हवा. आमच्या बाहेरच्या मावशींना पेशंट पायऱ्या चढतानाच दिसायचा: कोण कठडा धरून थांबला, कुणाची चप्पल एका पायातून निसटत होती, कोण सुनेसमोर एक आणि सून पाणी आणायला गेल्यावर दुसरंच बोललं. त्या आत येऊन केसपेपर ठेवताना कानाशी पुटपुटायच्या, "ह्यांना आधी घ्या." बहुतेक वेळा आधी घ्यायलाच हवं असायचं. चप्पल निसटणाऱ्याला लकवा सुरू झालेला असे, त्याला स्वतःलाही पत्ता नसे. तेव्हा मुलाखती घेशील तेव्हा टायपिंगचा वेग विचारू नकोस. समोरच्याला बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसव, मग आत बोलावून विचार की बाहेर कोण कोण बसलंय. जी नीट सांगेल तिला ठेव, आणि पगार टोकनच्या मशीनच्या हप्त्यापेक्षा जास्त दे.